परसातल्या जावयाची बडदास्त

न्यू जर्सीत घर घेतलंत, मागे चार वाफे करून मेथी-घेवडा पेरलात. झकास! आता जावई येईल. म्हणजे बिळात राहणारा, खारीच्या कुळातला एक जाडजूड प्राणी. इथे त्याला ग्राउंडहॉग म्हणतात, वुडचकही म्हणतात. नावात ‘वुड’ ऐकून ओंडके रचून ठेवू नका. मूळ अल्गाँक्वियन शब्दाचा इंग्रजांनी केलेला तो अपभ्रंश आहे, लाकडाशी काडीचाही संबंध नाही. वसंताच्या तोंडावर हिरवं काही मिळालं नाही, तर सफरचंदाच्या झाडाची साल कुरतडतो, तीही नाइलाजाने. तेवढी हौस तुमच्या नव्या कलमावर भागू द्या.

गवत, क्लोव्हर, डँडेलायन हे त्याचं रोजचं जेवण. ते तुमच्या लॉनवर आहेच. पण जावयाला का कुणी रोजचं वाढतं? वाटाणा, ब्रोकोली, लेट्यूस लावा. पंगत सकाळी लवकर आणि दुसरी उन्हं कलल्यावर. दिवसाला अर्धा किलो पाला सहज जातो. पाणी विचारू नका, पाल्यातल्या रसावर आणि दवावर त्याचं भागतं. पुढचे दात जन्मभर वाढत असल्याने कुरतडणं हा चोचला नव्हे, प्रकृतीची गरज आहे, हे घरच्यांना समजावून सांगा.

खारीसारखं साठवणं त्याच्या रक्तात नाही. जे साठवायचं ते पोटावर. आपला धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येतो, याचा दरवर्षी, ऑगस्टात! मग ऑक्टोबरच्या सुमारास बिळात जाऊन झोपतो. मिनिटाला ऐंशीच्या घरातले हृदयाचे ठोके पाचाच्या आसपास येतात आणि तुमच्या घेवड्यावर कमावलेली चरबी वसंतापर्यंत पुरते. पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनीत तर १८८७ पासून २ फेब्रुवारीला यांच्यातल्याच एकाला हवामान विचारतात. उंच टोप्या घातलेले गृहस्थ त्याला उचलून धरतात. व्याह्यांचा एवढा मान आमच्याकडेही नाही.

शेजारी कुंपण घालायला सांगतील. घालाच, पण ताठ आणि पक्कं, चढायला सोपं पडतं. वरची फूटभर जाळी सैल सोडली की ती हलते आणि तो चढत नाही. खालची फूटभर बाहेरच्या अंगाला वळवून मातीत पुरली की उकरताही येत नाही. जावयाला दारातून परत पाठवायचा हा दुष्टपणा सज्जनांनी करू नये.

मी तर कुंपणच घातलं नाही. तिसरं वर्ष चाललंय. आमचा आता शेडखालीच राहतो. घरजावई.