टेंबे, मिरांडा आणि आमचा ग्रुप

2025 च्या जानेवारीत खाडिलकरांच्या जुन्या संगीत नाटकावरचा ‘संगीत मानापमान’ हा सिनेमा आला आणि आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. सिनेमाला शंकर-एहसान-लॉय यांचं नवं संगीत. एक बाजू म्हणे, मूळ नाटकातल्या टेंब्यांच्या चाली असताना नव्या हव्यातच कशाला? दुसरी म्हणे, शंभर वर्षं तेच ऐकून कान किटले. मी न्यू जर्सीत, साडेदहा तास मागे. तिकडे भांडण रंगात येतं तेव्हा इकडे मी झोपलेला असतो. सकाळी चहाबरोबर दोनशे मेसेज वाचायचे. त्यात टेंब्यांचं नाव वीसेक वेळा होतं, पण गोविंदराव टेंबे या माणसाने काय काय केलं, हे एकानेही लिहिलं नव्हतं.

शेवटी एकाने मलाच टोचलं. ‘तुमच्याकडे तो हॅमिल्टनवाला आहे ना? स्वतः लिहितो, चाली बांधतो, नाचतो, गातो. आपल्याकडे असा एक तरी झाला का रे?’ हॅमिल्टनवाला म्हणजे लिन-मॅन्युएल मिरांडा, ‘हॅमिल्टन’ या अमेरिकन संगीत नाटकाचा कर्ता.

अरे, झाला की! तुम्ही ज्याच्या चालींवरून भांडताय, तोच.

टेंब्यांच्या आधी नाटकाला वेगळा संगीतकार असा फारसा नसेच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, तेव्हा लेखक तेच, चाली निवडणारे तेच, तालीम घेणारे तेच आणि सूत्रधार म्हणून उभे राहणारेही तेच. जुनी नाटकाची पुस्तकं उघडा, पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ आणि पुढे कुठल्या तरी ऐकीव गाण्याचे पहिले शब्द दिसतील. चाल बाहेरून यायची, शब्द तिच्यात बसवायचे. खाडिलकरांच्या ‘मानापमान’साठी 1911 मध्ये ते काम टेंब्यांकडे आलं. त्यांनी तिशीही गाठली नव्हती. उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा रंग त्यांनी या पदांत असा मिसळला की आज आपल्याला तो अस्सल मराठीच वाटतो. ‘परंपरा बिघडवली’ म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी एवढं ध्यानात ठेवावं, की त्यांची परंपरा हीसुद्धा एका तरुणाने बाहेरून आणलेली नवी चाल होती.

आणि हा गृहस्थ चाली देऊन घरी गेला नाही. हार्मोनियमवर त्याचा हात असा, की भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाची साथ केली. 1913 मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे तिथून बाहेर पडून स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली, नाटक लिहिलं, त्यात उभा राहिला. 1932 मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट केला तेव्हा हा पन्नाशीचा माणूस हरिश्चंद्र झाला आणि संगीतही त्याचंच. पार्श्वगायन यायचं होतं, म्हणजे कॅमेऱ्यासमोर गायचंही स्वतःच. वर आत्मचरित्र लिहिलं, तेही वाचनीय. (आमच्या घरी ते होतं. कुणी तरी नेलं, परत आणलं नाही.)

तर मग अष्टपैलू माणसांची आपल्याला वानवा नव्हती, आजही नसावी. मग माझ्या मित्राला मिरांडा आठवतो आणि टेंबे आठवत नाहीत, असं का?

इथे येऊन मला जे दिसलं ते सांगतो. ‘हॅमिल्टन’च्या दहा डॉलरच्या तिकिटासाठीच्या लॉटरीत मी नाव घालत राहिलो आणि कधीच लागलं नाही. पुढे तिकीट काढून गेलो तेव्हा मिरांडा केव्हाच बाहेर पडला होता. 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेल्या नाटकातून 2016 च्या जुलैत त्याने भूमिका सोडली आणि जो आधीपासून त्याच्या जागी अधूनमधून उभा राहायचा, त्या हावियेर मुन्योसने ती घेतली. आठवड्याला आठ प्रयोग तसेच चालू. पहिलं गाणं मिरांडाने व्हाइट हाउसमध्ये 2009 मध्ये म्हणून दाखवलं होतं. म्हणजे तिथून ब्रॉडवेपर्यंत सहा वर्षं. मधल्या काळात नाटक छोट्या रंगमंचावर तावूनसुलाखून घेतलं आणि वाद्यमेळ अ‍ॅलेक्स लाकामोर या जाणत्या माणसाने बांधला. ‘सगळं एकट्याने केलं’ ही तिकडची कौतुकाची गोष्ट आहे, खरी नव्हे. अण्णासाहेबांच्या मागेही भाऊराव कोल्हटकर, मोरोबा वाघोलीकर अशी गाणारी माणसं होतीच की.

फरक मला असा वाटतो. इथे कर्ता निघून गेला तरी काम जागेवर राहावं, अशी सोय पहिल्या दिवसापासून करतात. आपल्याकडे काम गळ्याला चिकटतं. नायकाचा घसा बसला की प्रयोग रद्द, आणि गळा गेला की मागे उरतात नकला. बालगंधर्वांच्या किती नकला ऐकल्या आपण! टेंब्यांच्या चाली टिकल्या, पण टेंब्यांच्या नव्हे, गाणाऱ्यांच्या नावावर.

तरीही मला इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं असं वाटत नाही. त्या संध्याकाळी नाट्यगृहात एक गोष्ट खुपली. नट उत्तम गात होते, पण कुणीही एक श्वास जास्त घेत नव्हता. घेऊच शकत नाही. दिवे, फिरता मंच, पुढचा संवाद, सगळं मोजून बांधलेलं. आपल्याकडे ‘मानापमान’च्या नायकाची, धैर्यधराची पदं दीनानाथ मंगेशकरांनी आपल्या पल्लेदार, आक्रमक ढंगाने गायली, तेव्हा तो धैर्यधर दीनानाथांचा झाला. पदाच्या मध्ये गवयाला मोकळी जागा असते. तिच्यामुळे वन्समोअर येतात आणि तिच्यामुळेच नाटक पहाटेपर्यंत लांबतं. जागा ठेवायची आणि काम टिकवायचंही, हे दोन्ही कसं जमवायचं, यावर ग्रुपवर भांडण व्हायला हवं होतं. नवी चाल की जुनी, यावर नव्हे.

दिवाळीला आमच्या मंडळात एका मुलीने ‘मानापमान’मधलं ‘युवती मना’ म्हटलं. जन्म इथलाच, पद यूट्यूबवरून शिकलेली, शाळेच्या म्युझिकलमध्येही काम करते. तालमीच्या दिवशी ती वही-पेन्सिल घेऊन तबलजी काकांकडे गेली आणि विचारलं, ‘काका, मधल्या तानांना मला तालाची किती आवर्तनं आहेत?’

काकांनी तबल्यावरचा हातोडा खाली ठेवला. ‘किती हवीत तुला?’

ती वहीकडे बघतच राहिली.