मॉडेलची खरी परीक्षा जुन्या बर्फातच

लेखात म्हटलंय की शेवटच्या हिमयुगातला, २१,००० वर्षांपूर्वीचा बर्फ कॉम्प्युटर मॉडेलमध्ये उभा करणं म्हणजे नुसता अंदाज, हे काही पटलं नाही. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड १९० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १९० भाग) आसपास होता आणि समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटर तरी खाली, हे अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांवरून आणि जुन्या प्रवाळांवरून कळलेलं आहे, म्हणजे उत्तर ताडून बघायची सोय आहे ना! अवघड भाग वेगळाच आहे, कॅनडावर ३ किलोमीटर जाड थर चढला की तो स्वतःच डोंगर होतो, वारे वळवतो, ऊन परत फेकतो, माथा उंच म्हणून आणखी गार, वर त्या वजनाने खालची जमीनही खचते. तो बर्फ वितळून गेला, तरी कॅनडातल्या हडसन बे या उपसागराच्या काठची जमीन अजूनही वर्षाला साधारण १ सेंटीमीटर वर येतेय! हे सगळं जमवणारं मॉडेल ग्रीनलँडच्या आजच्या बर्फाबद्दल काही सांगत असेल तर ऐकायलाच हवं.