1428 आणि सोसायटीच्या गेटवरचा फ्लेक्स

आज सकाळी घोडबंदर रोडवर एका सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स पाहिला आणि डोकंच फिरलं. सातआठ वर्षांचं पोर, गळ्यात मेडल, खाली ठळक अक्षरांत 'आंतरराष्ट्रीय बुद्धिबळपटू'. फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, मानांकन 1428. शुभेच्छुक: आई-बाबा, दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि समस्त मित्रपरिवार. नगरसेवकाचा फोटो तेवढा राहिला होता.

हे 1428 कसं तयार होतं ते सांगतो. पहिलं मानांकन मिळायला मानांकन असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव लागतात. मार्च 2024पासून फिडे या हिशेबात आपणहून दोन काल्पनिक डाव घालते: समोर 1800चा खेळाडू, दोन्ही बरोबरीत. आता 1500वाल्या पाच जणांशी खेळा, चार डाव हरा, एक जिंका. हिशेबात सात डावांत दोन गुण, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी 1586, एवढ्या गुणांना फिडेच्या तक्त्याप्रमाणे 158 वजा. उत्तर 1428. त्या पोराचे डाव मी पाहिलेले नाहीत, ते याहून छान खेळलंही असेल. पण 1400च्या खाली यादीच नाही, म्हणजे ही जिन्याची पहिलीवहिली पायरी आहे, गच्ची नव्हे.

त्याच मार्चमध्ये 2000च्या खालच्या सगळ्यांची मानांकनं फिडेने एका झटक्यात वर उचलली. 1000वाला 1400 झाला, 1200वाला 1520. तेव्हा 'आमच्या बाळाची 320 गुणांची झेप' म्हणून पेढे वाटलेले लोक आहेत. अहो, ती झेप बाळाची नव्हती, नियमाची होती!

आणि 'आंतरराष्ट्रीय' कशाला? इंटरनॅशनल मास्टर हा किताब आहे. त्याला 2400 मानांकन आणि शिवाय नॉर्म, म्हणजे तगड्या स्पर्धांतली ठरलेली कामगिरी, लागतात. मानांकनात 400चा फरक असला तरी दहा डावांत वरच्याला नऊ गुण मिळतील असं धरतात. इथे फरक हजाराच्या घरातला आहे. नागपूरची दिव्या देशमुख 2025मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकली. तिच्यासाठी काही शब्द शिल्लक ठेवाल की नाही?

मोबाइल सोडून पोर पटावर बसतं हे चांगलंच, मान्य. फ्लेक्समुळे त्याला आनंद झाला असेल, तेही मान्य.

पण पुढचं गणित कोणी सांगत नाही. या वयाच्या मुलांचा के-फॅक्टर, म्हणजे एका डावाने मानांकन किती हलतं ते ठरवणारा गुणक, 40 असतो. आपल्याइतक्याच मानांकनाच्या मुलाशी हरलं की 20 गुण गेले. 1428मधून असे दोन डाव हरलं की 1388. आणि 1400च्या खाली गेलं की यादीतून मानांकनच जातं, पोर पुन्हा 'अनरेटेड'. म्हणजे रविवारच्या दोन पराभवांत फ्लेक्स खोटा! मग बापाला धडकी भरते. 'परीक्षा आहे' म्हणून स्पर्धा चुकवल्या जातात, 'रेटिंग सांभाळ' म्हणून बजावलं जातं. पोरही शहाणं होतं, पंधराव्या चालीला बरोबरी मागायला लागतं. ज्या वयात तगड्या खेळाडूंकडून सडकून हरायचं, त्या वयात आकडा राखत बसतं.

राग त्या आईबापाचाही येत नाही खरं तर. रविवारी सकाळी डबा घेऊन ठाण्याहून वाशीला जायचं आणि हॉलबाहेर पायऱ्यांवर दिवस काढायचा, हे सोपं नाही. कौतुक वाटणारच. त्यांना हा आकडा कोणी नीट उलगडून सांगत नाही, क्लासवाले तर नाहीच नाही. गटात बारा पोरं आणि ट्रॉफ्या दहा, हेही कुठे कोणी सांगतं?

त्यामुळे आकडा बाजूला ठेवा आणि स्कोअरशीट, म्हणजे डावाच्या चाली लिहिलेला कागद, मागा. 90 मिनिटं अधिक दर चालीला 30 सेकंद अशा डावात शेवटपर्यंत चाली लिहाव्याच लागतात. बाजूला घड्याळातला उरलेला वेळ लिहायची सवय लावा. घड्याळात सव्वा तास शिल्लक असताना पोर हरलं असेल, तर ते विचार करत नाहीये, नुसता हात चालवतंय. अशा डावात बहुतेक वेळा एखादा उंट नाहीतर घोडा फुकट दिलेला सापडतो. त्यावर ओपनिंगचा महागडा कोर्स हा उपाय नव्हे. रोज दहा सोपी कोडी, खऱ्या पटावर, मोहऱ्यांना हात न लावता. उत्तर तोंडी सांगायचं, समोरच्याच्या चालीसकट.

मग बघा, राजा आणि हत्तीने एकट्या राजावर मात करता येते का. राजा आणि एक प्यादं विरुद्ध राजा, यात डाव कधी जिंकता येतो आणि कधी बरोबरीत जातो, ते सांगता येतं का. वजीर लवकर बाहेर काढून चार चालींत मात दिली की सात वर्षांखालच्या गटात ट्रॉफ्या मिळतात. पुढे त्याच घाईने बाहेर काढलेल्या वजिरामागे समोरचा आपले मोहरे फुकटात बाहेर आणतो.

आणि ही सगळी चौकशी जेवण झाल्यावर. चार तास बसून आलेलं असतं ते.