स्वतः शिकायचं, तपासून घ्यायचं दुसऱ्याकडून

नमस्कार. इतकं सविस्तर आणि रोखठोक लिहिल्याबद्दल आधी आभार. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. 'आयुष्यभर शिकत राहा' हा भरल्या पोटी दिलेला सल्ला आहे. गुरूशिवाय शिकणारे अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात. गणितज्ञ रामानुजन आणि शास्त्रज्ञ फॅरडे हे स्वतः शिकून मोठे झालेले अपवाद आहेत, त्यांच्या जिवावर सगळ्यांना उपदेश करू नये. आणि शेवटी थेट प्रश्न: व्हिडिओ बघून शिकलेल्या सर्जनकडून तुम्ही ऑपरेशन करून घ्याल का?

नाही घेणार. पण पदवी मिळाल्यापासून पंचवीस वर्षांत नवं काहीच न शिकलेल्या सर्जनकडून तुम्ही घ्याल का?

हे मी वादासाठी विचारत नाही. पित्ताशय काढायचं ऑपरेशन पूर्वी पोटावर मोठा छेद घेऊनच व्हायचं. 1985 साली जर्मनीत एरिख म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून केलं आणि 1990च्या आसपास ही पद्धत जगभर झपाट्यानं पसरली. पेशंटला दुखणं कमी, घरी लवकर; मागणी वाढणारच. सर्जनसाठी मात्र सगळंच बदललं. नजर पोटात नाही, पडद्यावर. हातात लांब दांड्याची उपकरणं. बोटांनी चाचपून अंदाज घ्यायची इतक्या वर्षांची सवय निकामी. कॉलेजात हे कुणाला शिकवलेलंच नव्हतं, त्यामुळे अनेकांनी एखाद-दुसऱ्या दिवसाचा कोर्स करून सुरुवात केली. त्या काळात पित्तनलिकेला, म्हणजे पित्त आतड्याकडे नेणाऱ्या नळीला, इजा होण्याचं प्रमाण वाढलं, आणि इजा जास्त करून नवशिकेपणाच्या केसेसमध्ये व्हायच्या. पुढे अनुभवी सर्जनच्या देखरेखीखाली काही ऑपरेशनं केल्याशिवाय एकट्यानं करायचं नाही, असे नियम ठिकठिकाणी आले.

यातली निम्मी गोष्ट तुमच्या बाजूची आहे, मान्य. पण ज्यांच्या हातून इजा झाल्या ते सगळे रीतसर शिकलेले होते. मोठमोठ्या गुरूंच्या हाताखाली तयार झालेले. पदवी सगळ्यांकडेच होती. नवं शिकताना 'थांब, ती नलिका नव्हे' म्हणणारं माणूस शेजारी होतं की नव्हतं, फरक एवढाच.

मी स्वतः शिकण्याची बाजू घेतो तेव्हा काय शिकायचं, कशासाठी आणि कुठवर, हे शिकणाऱ्यानं ठरवावं एवढंच म्हणतो. कोपऱ्यात एकटं बसून शिकावं असं माझं म्हणणं नाही. गरज पडेल तिथे गुरू गाठणं हेही त्यातच आलं.

आता रामानुजन. तुम्ही म्हणता त्यांनाही शेवटी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी लागलेच. लागलेच! त्यांनी ज्या जाडजूड ग्रंथावर गणित पोसलं त्यात हजारो सूत्रं होती आणि सिद्धता नावापुरत्या. त्यामुळे निकाल लिहायचा आणि पुढे जायचं, ही सवय त्यांनाही लागली. जानेवारी 1913 मध्ये हार्डींना पाठवलेल्या पत्रात थक्क करणारी सूत्रं होती आणि त्यांच्याच रांगेत मूळ संख्यांबद्दलचा एक दावा होता. एखाद्या संख्येपर्यंत किती मूळ संख्या येतात, हे आपलं सूत्र जवळजवळ अचूक सांगतं, असा तो दावा. तो चुकीचा होता. चूक हिशेबातली नव्हती. त्या प्रश्नाला लागणारी गणिताची एक अख्खी शाखा त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नव्हती. एकट्यानं शिकण्यातला खरा धोका हा आहे. आपल्याला काय येत नाही हेच दिसत नाही, आणि माहीत नसलेल्या जागी आत्मविश्वास मात्र तेवढाच असतो. इथे तुमचं हळकुंड चपखल बसतं.

पण पत्र कुणी लिहिलं? हार्डी काही त्यांना शोधत आले नव्हते. त्याआधी इतर गणितज्ञांनाही लिहून झालं होतं आणि हाती काही लागलं नव्हतं. तरी त्यांनी पुन्हा लिहिलं. आपलं काम तपासू शकेल असा माणूस हुडकून काढणं, हे त्यांच्या शिकण्याचंच एक काम होतं आणि ते त्यांनी स्वतः केलं.

फॅरडेंची गोष्ट तर आणखी उपयोगी आहे, कारण तिच्यात दैवी प्रतिभा बाजूला ठेवली तरी शिकण्यासारखं उरतं. पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारी करणारा मुलगा बांधायला आलेली पुस्तकं वाचतो, हा भाग सगळ्यांना पाठ आहे. कमी सांगितला जातो तो पुढचा भाग. संध्याकाळच्या विज्ञान व्याख्यानांना ते जायचे. 1812 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हींची व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, ती नीट लिहून, बांधून थेट डेव्हींनाच पाठवली. शिवाय काही मित्र जमून एकमेकांचं वाचन ऐकायचे आणि उच्चार, वाक्यरचना सुधारायचे, तेही भीडभाड न ठेवता. तपासणी अशी चहूबाजूंनी लावून घेतली होती. यातलं काय अपवादात्मक आहे, सांगा. दोस्तमंडळी जमवून एकमेकांच्या चुका काढणं?

हार्डी नसेल तेव्हाही थोडी तपासणी स्वतःची स्वतः करता येते. सोडवलेलं गणित वाचताना प्रत्येक ओळ पटते, मान डोलते. पुस्तक मिटून तेच गणित कोऱ्या कागदावर घ्या. दुसऱ्या ओळीवर पेन थबकतं. नेमकं काय कळलेलं नाही हे त्या थबकण्यातून समजतं, मान डोलावून कधीच समजत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानं आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता. वर्गात बसलेल्यालाही हा भ्रम होतो, त्याला परीक्षा मध्ये येऊन वाचवते एवढंच. आपण एकटे असू तर परीक्षा आपणच लावायची.

भरल्या पोटीच्या मुद्द्यावर फार वाद नाही. ज्या कौशल्याचा फायदा कंपनीला होणार, त्यासाठी कंपनीनं कामाच्या तासांतच वेळ द्यावा. 'अपस्किलिंग'चं गोंडस नाव देऊन माणसाचा रविवार खाणं ही लबाडी आहे. पण तुम्हाला स्वतःसाठी काय शिकायचंय हे कोण ठरवणार, तो प्रश्न यानं सुटत नाही.

राहिला तुमचा संख्याशास्त्राचा ऑनलाइन कोर्स. तो तिसऱ्या आठवड्यात सुटला आणि तेव्हाच 'हे आपल्या वयाचं काम नाही' हे कळलं, असं तुम्ही लिहिलंय. वयाचा संबंध मला दिसत नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशाच मोफत कोर्सना 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम 3 टक्क्यांनी ते पूर्ण केले, आणि त्यात विशीतली मुलं काही कमी नसणार. शिवाय तुम्हीच लिहिलंय की, ऑफिसच्या अहवालातली सरासरी फसवी वाटायची म्हणून तुम्ही तो लावला होता. मग मध्यक (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) हे दोन धडे पुरेत, ते बहुधा झालेही असतील. कोर्स राहू द्या. मागच्या महिन्याच्या अहवालातले आकडे घ्या, कोर्स न उघडता दोन्ही काढा, आणि अकाउंट्समधल्या कुणालातरी म्हणा, यात चूक काढून दाखव.