पंचाहत्तरीच्या स्लाइडशोला मिळालेल्या १ स्टारला स्टुडिओकडून उत्तर

नमस्कार ताई. तुमचा रिव्ह्यू वाचला. आपलं फोनवर बोलणं झालं त्यातलं काहीच त्यात आलेलं नाही म्हणून उत्तर इथेच देतोय, कारण उद्या दुसरं कुणी कार्यक्रम ठरवताना हेच वाचणार. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, ताईंच्या बाबांची पंचाहत्तरी होती, हॉलमध्ये एलईडी वॉलवर दाखवायला जुन्या नव्या फोटोंचा आणि क्लिपांचा स्लाइडशो आमच्याकडून करून घेतला. ताईंचं म्हणणं असं की फोटो ब्लर दिसले, वरखाली काळ्या पट्ट्या आल्या, जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या भागाला बाजूने धूसर पट्टे होते, अमेरिकेतल्या भाच्याचं तोंड आधी हलत होतं आणि आवाज मागून येत होता, मधेच सगळं बंद पडलं, २४० फोटो दिले त्यातले ८४च घेतले, काकूंचा फोटो गाळला, आणि "फोटोला गाणं लावायचे ६५०० रुपये, मोबाईलच्या ॲपवर हे फुकट होतं".

आधी बंद पडण्याचं बोलू कारण पाहुण्यांसमोर तेच जास्त लागलं असणार, मला समजतं. ताई, तुम्ही रिव्ह्यूला जो फोटो जोडलाय ना भिंतीचा, तो जरा मोठा करून बघा. खाली उजव्या कोपऱ्यात "तपासणीसाठी" असं लिहिलेलं दिसतंय. ती आम्ही तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलेली छोटी कॉपी आहे, नावं बरोबर आहेत का, कुणाच्या आधी कुणाचा फोटो हवा, हे घरच्यांनी बघून ओके करावं म्हणून. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबून बारीक होतो, फोनच्या स्क्रीनवर कळत नाही, भिंतीवर लगेच कळतं. खरी फाइल पेनड्राइव्हवर होती, ११ मिनिटांची, फुल एचडी, सव्वा जीबीच्या आसपास, आणि मुद्दाम साध्या एमपी४ मध्ये एच.२६४ ह्या जुन्या व्हिडिओ प्रकारात काढलेली, कारण नवीन एच.२६५ प्रकारात फाइल लहान होते पण हॉलवाल्यांच्या जुन्या लॅपटॉपवर आणि टीव्हीवर अडकते हे आम्हाला माहितीये. पेनड्राइव्ह तुमच्या घरच्यांनी आमच्याकडून नेलेला, सही आहे रजिस्टरला. तो त्या दिवशी घरीच राहिला, एलईडीवाल्या पोराने सांगितलं मला. मग कुणीतरी आपल्या फोनवरनं ती तपासणीची कॉपी हॉलच्या वायफायने लॅपटॉपवर मिरर केली, म्हणजे फोनची स्क्रीनच तिथे दाखवली. वायफायवर मिरर केलं की आवाज एका वाटेने आणि चित्र दुसऱ्या वाटेने पोचल्यासारखं होतं, भाच्याचं तोंड आणि आवाज मागेपुढे झाला तो तिथे. आणि "मधेच कॉलसारखी स्क्रीन आली आणि बंद पडलं" असं तुम्हीच लिहिलंय. कॉलसारखी नव्हे हो, कॉलच आला होता, ज्याचा फोन होता त्याला.

भाच्याच्या क्लिपवर खरं तर आमचा मुलगा एक अख्खी संध्याकाळ बसला होता. मोबाईल शूटिंग करताना फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, सारख्या वेगाने घेत नाही, उजेड कमी झाला की सेकंदाला ३० च्या ऐवजी कमी घेतो, पुन्हा वाढवतो, आणि मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला वाटतं सगळं सारखंच आहे, मग दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये शेवटी शेवटी आवाज सरकत जातो. म्हणून अशी क्लिप आधी एका ठराविक फ्रेम रेटला कन्व्हर्ट करून घ्यावी लागते आणि मगच टाइमलाइनवर टाकायची. आवाजही बारीक होता त्यांचा, बाजूला डिशवॉशर चालू असावा, तो घरघराट काढला, पातळी वाढवली, आणि बोलणं सुरू झालं की मागचं गाणं खाली येतं तसं केलं. पेनड्राइव्हवरची फाइल घरच्या टीव्हीला लावून एकदा बघा, मग बोलू.

आता ब्लर. हे जरा सविस्तर लिहितो कारण दर लग्नसराईत हाच वाद होतो. तुमचे २४० फोटो आले ते सगळे "बाबा ७५" ग्रुपमधून. चांगल्या मोबाईलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, तीन चार एमबीचा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की लांब बाजू साधारण १६०० वर येते आणि फाइल दोन तीनशे केबीची राहते. इथपर्यंतही चालतं, भिंतीवर दिसतो बरा. पण त्यातला एखादा कुणीतरी स्टेटसला ठेवला, दुसऱ्याने त्याचा स्क्रीनशॉट काढला, कडेची पट्टी कापली आणि तो ग्रुपवर टाकला, तर आमच्याकडे येतो तो चरकातनं तिसऱ्यांदा काढलेला चोथा, त्यातनं रस कुठून काढू? तुमच्या मोठ्या बहिणीच्या डोहाळजेवणाचा फोटो ६० केबीचा होता. ६०! पहिल्याच दिवशी मी मेसेज केला होता की फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा ड्राइव्हला टाका, तसे जसेच्या तसे येतात. एचडीचं बटण २०२३ पासून आलंय तेही साध्यापेक्षा बरं. तुमचं उत्तर होतं "सगळे कामात आहेत, आहेत तेच घ्या". घेतले. आणखी एक गंमत, व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्यातली तारखेची माहितीही काढून टाकतं, त्यामुळे कुठला फोटो कधीचा हे फाइलवरून कळत नाही, सगळे एकाच दिवसाचे दिसतात. तुमच्या आईंना दुकानात बसवून चहा पाजत पाजत आम्ही ते वर्षांप्रमाणे लावले, आणि खरं सांगू का, त्या दोन तासांत जी माहिती मिळाली त्यावरच शोचा अर्धा क्रम ठरला.

जुने फोटो वेगळं प्रकरण. पुण्याच्या चुलत भावांनी अल्बम पाठवला नाही, अल्बमचे मोबाईलवर फोटो काढून पाठवले, तेही वरचं प्लॅस्टिक न काढता, रात्री ट्यूबलाइटखाली. बाबांच्या कपाळावर जी पांढरी रेघ दिसते ती ट्यूबलाइट आहे. तेच ४ बाय ६ इंची प्रिंट इथे आली असती तर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल, स्कॅन करून ३६०० बाय २४०० मिळते, हवं तर एकट्या चेहऱ्यावर झूम करता येतं. तुमच्या घरचा लग्नाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आठवतोय ना, काचेला चिकटलेला? तो आम्ही सोडवला नाही, मुद्दामच, काचेला चिकटलेला फोटो ओढला की चेहऱ्याचा थरच काचेवर राहतो. काचेसकट, दोन्ही बाजूंनी लाइट लावून, चमक कापणारी काच, पोलराइजर, लावून कॅमेऱ्याने काढला. अख्ख्या शोमध्ये सगळ्यात शार्प तोच फोटो आहे, १९७४ चा. त्याच्या पुढचे १९८५ च्या आसपासचे कलर फोटो मात्र लालसर झालेत. त्या काळच्या कलर प्रिंटमधला निळसर रंग अल्बममध्ये बंद असतानाही आधी उडतो आणि सगळी माणसं उन्हातनं आल्यासारखी दिसायला लागतात, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चांदीचे कण असतात ते जास्त टिकतात. ते रंग जेवढे आणता आले तेवढे आणले.

ॲपने चेहरे एकदम क्लिअर होतात म्हणता. होतात, पण ते चेहरे कुणाचे? ६० केबीच्या फोटोत डोळ्याच्या जागी चार ठिपके असतात, ॲप तिथे स्वतःच्या मनाने डोळा काढतं, पापण्या बिपण्या लावून. आम्ही तुमच्या आजोबांच्या फोटोवर करून बघितलं होतं, मिशा सरळ झाल्या आणि दात नवे आले. तुमच्या आईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या हे कोण? तिथेच थांबलो. मी धूसर आजोबा दाखवीन पण दुसऱ्याचे आजोबा दाखवणार नाही, ह्यावर कितीही स्टार कापा.

पट्ट्यांचं आता. बुकिंगच्या वेळी मी विचारलं होतं हॉलला काय आहे, तुम्ही म्हणालात प्रोजेक्टर. म्हणून १६:९ मध्ये, म्हणजे रुंदी १६ तर उंची ९ ह्या मापात केला, हल्ली तोच चालतो सगळीकडे. कार्यक्रमाच्या दिवशी तिथे उभी राहिली एलईडी वॉल, बारा फूट बाय आठ फुटांची. तिचं माप १६:९ नसतंच, म्हणून वरखाली काळं येणार, किंवा ऑपरेटरने भरून टाकलं तर कडेच्या माणसांची डोकी जाणार. आणि त्या भिंतीचा हिशोबही करून ठेवा. भाड्याच्या वॉलचे तुकडे अर्ध्या मीटरचे असतात, ३.९ एमएम पिचच्या (पिच म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर) एका तुकड्यात आडवे १२८ ठिपके, म्हणजे सात तुकडे आडवे लावले तर भिंतीच्या अख्ख्या रुंदीत ८९६ ठिपके. तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये त्याहून जास्त आहेत. ती लांबून बघायची वस्तू आहे, पिच जेवढ्या एमएमचं साधारण तेवढे मीटर तरी लांब बसायचं, आणि सत्काराचे सोफे भिंतीला खेटून लावले होते. पहिल्या रांगेतनं ठिपकेच दिसणार हो.

कॅसेटच्या बाजूचे धूसर पट्टे मात्र आम्हीच ठेवलेत आणि परत करायचं झालं तरी ठेवीन. दादांच्या लग्नाची कॅसेट ४:३ ची आहे, ७२० बाय ५७६. ती आजच्या स्क्रीनवर ताणून बसवली तर उंची तेवढीच आणि रुंदी तिसऱ्या हिश्श्याने वाढते, नवरीसकट सगळं वऱ्हाड जाडं दिसतं. वरनं खालनं कापली तर अक्षता टाकणारे हात जातात. म्हणून चित्र मधे मूळ मापात आणि बाजूला त्याचंच धूसर रूप. कॅसेटला बुरशीही होती, ती साफ करून मगच लावली, नाहीतर आमच्या व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड गेलं असतं, आणि आता ते दुरुस्त करणारा माणूस जिल्ह्यात शोधून सापडत नाही.

२४० मधले ८४ का? एका फोटोला ५ सेकंद धरले तरी २४० फोटोंचे २० मिनिटं होतात, क्लिपा वेगळ्या. जेवणाची वेळ झालेली, लहान पोरं, वयस्कर मंडळी, सहाव्या मिनिटाला माणसं मोबाईल काढतात हे मी कितीतरी हॉलमध्ये मागे उभं राहून बघितलंय. त्यात केक कापतानाचे ३१ फोटो एकाच प्रसंगाचे होते. ग्रुप फोटोला आम्ही ८ सेकंद देतो, कारण प्रत्येकजण आधी स्वतःला शोधतो मग बाजूच्याला, एकट्याच्या फोटोला ५ पुरतात. काकूंचा एकच फोटो होता, त्यात त्यांचे डोळे मिटलेले, दुसरा पाठवा म्हणून तुम्हाला दोनदा मेसेज गेला, आणि तपासणीची कॉपी तुम्ही "ओके 👍" करून परत पाठवलीत.

यूट्यूबवर टाकल्यावर आवाज गेला त्याचंही लिहिलंय. सिनेमाचं गाणं तुम्ही निवडलं, यूट्यूबची मशीन ते आपोआप ओळखते आणि गाण्याच्या मालकाच्या सेटिंगप्रमाणे आवाज बंद करते किंवा जाहिरात लावते, माझ्या हातात काही नसतं त्यात. घरच्यांना पाठवायचं असेल तर ड्राइव्हची लिंक द्या.

६५०० मध्ये स्कॅनिंग, कॅसेट, आवाज, आईंसोबत बसून लावलेला क्रम आणि दोन वेळचे बदल आले. ॲपवर फुकट होतं हे खरंय, ज्यांचे फोटो गेल्या दोन वर्षांतले आहेत, सगळे एकाच मोबाईलमधले आहेत, त्यांना मी स्वतः सांगतो की माझ्याकडे येऊ नका, घरीच करा.

तुमचा प्रोजेक्ट अजून कॉम्प्युटरवर आहे, आम्ही ६ महिने ठेवतो. काकूंचा डोळे उघडे असलेला फोटो आणि पुण्याचा अल्बम घेऊन या, अल्बम तसाच आणा, घरी फोटो उचकटू नका. नवीन स्कॅनिंगचे नेहमीच्या रेटने होतील, बदल करण्याचे काही घेणार नाही, आणि भिंतीचं माप कळलंय तर त्या मापाचीही एक फाइल काढून देतो, पुढे आईंच्या पंचाहत्तरीला तोच हॉल असेल तर उपयोगी पडेल. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी अकरानंतर कधीही, फक्त येताना पेनड्राइव्ह विसरू नका.