सिगारेट ओढत नाही, म्हणजे तंबाखू नाही असं नाही

ब्रिटनमधल्या अल्पसंख्याक समाजांच्या व्यसनांचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. "आपल्यात कुठे असलं काही असतं?" नाहीतर, "त्यांच्यात हे चालायचंच." मला दोन्हींची चीड येते. ज्याला मदत हवी तो माणूस दोन्हीकडे अदृश्यच राहतो.

२००४ च्या 'हेल्थ सर्व्हे फॉर इंग्लंड'मध्ये बांगलादेशी वंशाच्या पुरुषांत सिगारेट ओढणारे ४० टक्के होते, भारतीय वंशाच्या पुरुषांत २० टक्के, आणि सर्वसाधारण पुरुषांत २४. सगळ्यांना 'आशियाई' म्हणून एका गाठोड्यात बांधलं की हा फरक पुसला जातो. त्यानंतर सिगारेटचं प्रमाण एकूणच घटलंय, पण गाठोडं बांधायची सवय काही गेलेली नाही.

बायकांचं तर आणखी वेगळं. त्याच पाहणीत बांगलादेशी बायकांत सिगारेट ओढणाऱ्या होत्या जेमतेम २ टक्के. तंबाखू चघळणाऱ्या मात्र १६ टक्के! पानातला जर्दा हो. "स्मोकिंग करता का?" असं विचारलं तर ती बाई "नाही" म्हणणार, आणि ते खरंच असणार. पान म्हणजे तिच्या लेखी जेवणानंतरची रीत, पाहुण्याचा मान. बरं, जर्दा वगळला तरी सुपारी उरतेच. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच नोंदवलंय. तोंड नीट उघडेनासं होतं, तिखट सोसत नाही, तरी दाताचं दुखणं समजून दिवस काढले जातात.

आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेने २०१२ मध्ये दक्षिण आशियाई समाजांतल्या अशा न ओढायच्या तंबाखूबद्दल खास मार्गदर्शिका काढली. लोक ज्या नावाने ओळखतात त्या नावाने विचारा, गरज पडली तर चित्र दाखवा, दंतवैद्यांनीही विचारा. इतकी साधी गोष्ट! प्रत्येक दवाखान्यात ती व्हायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

दारूचं दुखणं निराळं. पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाचे बहुसंख्य लोक पीतच नाहीत. त्यामुळे जो पितो तो चोरून पितो, आणि सोडायची असली तरी बोलणार कोणाशी? शीख धर्मात नशा वर्ज्य, पण लग्नसमारंभात दारू वाहते. २०१८ च्या बीबीसीच्या एका पाहणीत २७ टक्के ब्रिटिश शिखांनी घरात कोणाला तरी दारूचा त्रास असल्याचं सांगितलं. म्हणजे चारातलं एक घर. तरीही कुटुंबं गप्प बसतात, कारण बाहेर कळलं तर मुलीचं लग्न अडेल ही भीती.

ही भीती खरी आहे, तिला मागासलेपणा म्हणून झटकू नका. उपचारांची सोय तिला धरूनच करावी लागेल. डॉक्टरसमोर मुलगी दुभाषी म्हणून बसली असेल, तर कोणता बाप रोज किती पितो ते सांगेल? दुभाषी घरचा नकोच. आपल्याच समाजातला चालेल की बाहेरचा हवा, हेही त्या माणसाला आधी एकट्यात विचारायला हवं.