वाळलेलं हाय ना, भाऊ!

राजेहो, मला एक सांगा. ज्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, गच्चीवर घातलेल्या कुरड्या दुसऱ्या दिवशी खडखड वाजतात आणि दुपारी बाहेर निघालेल्या माणसाचा सांडगा होतो, त्या नागपुरात लाकूड काहून वाळत नाही?

महिना झाला या गोष्टीला. डोक्यातला धूर अजून निघाला नाही म्हणून लिहितोय.

डिसेंबरात बाबांची पंचाहत्तरी केली. साठेक माणसं, घरासमोर मांडव, सावजी मटण आणि मटक्यावरची लंबी रोटी. बाबांची एकच अट, गॅसवरचं काही नको. म्हणून आठ दिवस आधी टालावर गेलो. लकडगंजात नाही, तिकडे सागाच्या पाट्यांचा बाजार. जळाऊ लाकडाचा टाल आमच्याकडून रिंग रोड ओलांडला की लागतो. टालवाला खुर्चीत, कानाला फोन. म्हटलं, पूर्ण वाळलेलं पाहिजे, रोटीसाठी आहे. त्यानं फोन न काढताच बोट दाखवलं. "दोन सालाचं हाय, भाऊ. काडी दाखवली का भडकते."

समोर ठेवलेली चार लाकडं होतीच तशी. टोकांना तडे गेलेले, साल सुटलेली, एकावर एक आपटली तर खणखण वाजणारी. मीही स्वतःला मोठा जाणकार समजून दोन आपटून पाहिली, मान डोलावली. साडीच्या दुकानात काचेतली साडी कधी विकतात का? तशीच ती चार लाकडं. अजूनही तिथंच असतील, पुढच्या शहाण्याची वाट पाहत.

दोन क्विंटल घेतलं, अकरा रुपये किलोनं. फोडायचे वेगळे, हमाली वेगळी, गाडीचे चारशे वेगळे. सकाळी दहाला येणारा छोटा हत्ती आला संध्याकाळी साडेसातला. आमच्या खांबावरचा लाईट दिवाळीपासून बंद आहे (त्यावर एक दिवस वेगळं लिहीन). पोरानं फाळका पाडला, सगळं धडाधड ओतलं, पैसे घेतले आणि गेला. अंधारात सगळी लाकडं सारखीच.

सकाळी पाहिलं तर वरच्या थराला बाभूळ, खाली सुबाभूळ, आणि सगळ्यात आत शेवगा! सरपणाच्या ढिगात शेवगा! कापलेल्या टोकावर हात ठेवला तर गार लागला. नखानं साल खरवडली तर आत हिरवीगार. फोन केला. "दव पडलं असन, भाऊ. थंडीचे दिवस हायेत ना." दव! एका रात्रीच्या दवानं मांडीएवढ्या ओंडक्याच्या पोटात पाणी शिरतं होय?

बदलून द्यायला त्याच्याकडे गाडी नव्हती. माझ्याकडे दिवस नव्हते. उन्हात पसरून ठेवलं आणि देवाचं नाव घेतलं.

त्या दिवशीचं काय सांगू. रोटीवाल्या दोन मावश्या सकाळीच आल्या, विटा मांडल्या, मटकं पालथं घातलं. ही रोटी म्हणजे सैल कणीक हातावर झुलवत झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि तापल्या मटक्यावर अलगद टाकायची. मटक्याला खालून सारखा जाळ पाहिजे. मावशीनं चूल पेटवली. लाकडानं आधी सूंऽऽ केलं. मग टोकाला फेस आला. अक्षरशः बुडबुडे, साबणासारखे. मग धूर. असा धूर की मांडवात बसलेली आत्या ओरडली, "घर पेटलं का रे?" मावशीनं फुंकणी खाली ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "दादा, हे चुलीत घालाचं हाय का झाडाले पानी घालाचं हाय?"

पहिल्या चार रोट्या मटक्यावरून ओल्या फडक्यासारख्या निघाल्या. मटणाचा गंज तिकडे नुसता कोमट. शेवटी भाच्याला पिटाळलं, कुठूनतरी गोवऱ्या आणि जुन्या खिडकीची चौकट आणली. जेवणं साडेतीनला. बाबा चिडले नाहीत, तेच जास्त लागलं.

लाकूड ओलं असलं की जळता जळत नाही याचं कारण साधं आहे. आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जायला पाहिजे. एक लिटर पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, तेच पाणी सगळं आटवायला त्याच्या सातेक पट लागते. म्हणजे तुमचं लाकूड तुमचा स्वयंपाक करायचा सोडून स्वतःलाच वाळवत बसतं. जाळ तापत नाही, निघालेला वायू धड पेटत नाही, त्याचाच धूर होतो आणि तुमच्या डोळ्यांत जातो.

मग मी चिडून एक उद्योग केला. फोडलेला एक तुकडा त्याच दिवशी शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला होता. 2 किलो 900 ग्रॅम. महिनाभर गच्चीवर वाळवून परवा पुन्हा तोलला. 2 किलो 150. साडेसातशे ग्रॅम गेलं कुठे? हवेत. सगळं लाकूड असंच धरलं तर दोन क्विंटलात बावन्न किलो पाणी होतं. आमच्या कॉलनीत वीस लिटरची थंड पाण्याची कॅन तीस रुपयांत घरपोच येते. मी अकरा रुपये लिटरनं घेतलं, बाभळीतून गाळलेलं!

आणि गंमत पाहा, टालावरचा वजनकाटा एकदम खरा. वैधमापनचा शिक्का, सगळं जागेवर. काट्यानं एक ग्रॅमही खोटं सांगितलं नाही. काटा पाण्याला लाकूड म्हणून मोजतो त्याला तो तरी काय करेल? लाकूड वाळवलं तर वजन उतरतं, वजन उतरलं तर पैसे उतरतात. मग कोणता टालवाला वाळवेल? फोडून, जमिनीपासून उचलून, हवा खेळेल असं रचून ठेवायला जागा लागते, मजूर लागतो. त्यापेक्षा अख्खे ओंडके पावसाळाभर काळ्या मातीत लोळवायचे, वर निळी ताडपत्री ओढायची आणि गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, दोन सालाचं हाय. ताडपत्रीखाली लाकूड वाळत नाही हो, घामेजतं!

परत त्याच्याकडे गेलो होतो. भांडायलाच. म्हणाला, "जळलं ना शेवटी? मंग वाळलेलंच होतं."

उरलेलं सत्तर-ऐंशी किलो गच्चीवर रचून ठेवलंय. काल पाणी टाकायला वर गेलो तर त्या दोन सालाच्या वाळलेल्या शेवग्याला दोन कोंब फुटलेत. बोटभर, पोपटी. बायको म्हणते, आता जाळू नका, मागे लावून टाका, शेंगा तरी येतील.